आधी जागा बघा, मग प्लॅन काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा जवळ आला की पेपरात पूररेषा, नालेसफाई, धोकादायक इमारती ह्याच्या बातम्या सुरू होतात आणि आम्ही पेठेतली माणसं त्या रोज वाचतो, पण अशा जागेत घर बांधायची वेळ आली तर नेमकं काय करायचं ह्यावर कुणी फारसं लिहीत नाही, म्हणून हे पत्र. मी इंजिनिअर नाही, माझं स्टेशनरीचं दुकान आहे. पण कोल्हापुरात शुक्रवार पेठेत १३ फूट रुंद आणि ६० फूट खोल जागेत, पुराचं पाणी येतं त्या बोळात, दोन्ही बाजूला सामाईक भिंती असताना घर बांधलंय, आणि त्यात जे शिकलो ते सांगावंसं वाटतंय.

मूळ वाडा आजोबांचा, चौकाचा. तीन भावांत वाटणी झाली आणि आमच्या वाट्याला ही पट्टी आली. २०१९ ला पाणी सात फुटांवर आलं, २०२१ ला परत तेच. दोन्ही वेळा पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पातळी ५५ फुटांच्या पुढं गेली होती, आणि धोका पातळी ४३ फुटांची, म्हणजे किती पाणी होतं बघा. प्लायवूडची कपाटं फुगून उघडेनात, मातीच्या भिंतीनं खाली ओल धरली ती धरलीच. बायको म्हणाली विकू आणि आर. के. नगरला जाऊ. आई ७८ वर्षांची, ती म्हणाली तुम्ही जावा, मी इथनं हलत नाही. मग घर पाडून नवीन बांधायचं ठरलं.

पहिल्यांदा ज्यांच्याकडं गेलो त्यांनी तिसऱ्या दिवशी प्लॅन हातात दिला. टू बीएचके, खाली कार पार्किंग, मागं आईची खोली, वर दोन बेडरूम, पुढनं काचेचं एलिव्हेशन, थ्रीडी चित्रात दारात पांढरी गाडी उभी. आमचा बोळ सात फुटांचा आहे, त्यात चारचाकी वळतच नाही. मधल्या बेडरूमला खिडकी नाही, एक दीड फुटाची डक्ट. आणि आईची खोली तळमजल्यावर, जिथं दोन वर्षांत दोनदा डोक्यावरनं पाणी गेलं तिथं! म्हणलं साहेब तुम्ही जागेवर आला होता का, तर म्हणाले मोजमाप होतं की प्रॉपर्टी कार्डवर. अख्ख्या कोल्हापुरात हेच चाललंय. प्लॅन आधी तयार असतो, जागा नंतर त्यात कोंबायची. मोकळ्या एनए प्लॉटवर हे खपून जातं, पण पेठेत, नाल्याकाठी, उतारावर खपत नाही आणि ते पुढची पन्नास वर्षं भोगावं लागतं.

मग एका मैत्रिणीच्या ओळखीनं बायकोनं एक आर्किटेक्ट शोधली, पोरगी वयानं तिशीतली. ती पहिल्या दिवशी कागद न काढता उंबऱ्यावर बसली आणि आईला विचारत राहिली, पाणी आधी कुठनं येतं, दारातनं का मोरीतनं, किती दिवस थांबतं, ओसरताना कुठल्या बाजूनं जातं. आईनं सगळं सांगितलं, की नदी दारात यायच्या आधी एक दिवस संडासातनं आणि मोरीतनं काळं पाणी वर येतं. दुसऱ्या दिवशी ती गवंड्याला घेऊन आली, पारदर्शक लेव्हल पाईपात पाणी भरलं, एक टोक शेजारच्या भिंतीवरच्या २०१९ च्या पुराच्या डागावर धरलं आणि दुसरं आमच्या दाराच्या चौकटीवर, आणि तिथं खिळा मारला. त्या एका खिळ्यावर आमचं सगळं घर उभं राहिलंय असं मी म्हणीन. राहायची फरशी त्या खिळ्याच्या दोन फूट वर, त्याच्या खाली माणूस झोपणार नाही, धान्य ठेवणार नाही, लाईटचं बटण नाही, हे तिनं तेव्हाच ठरवून टाकलं.

तिसरं काम खड्डा. सामाईक भिंतीला लागून मिस्त्रींनी हातानं खणलं तर शेजाऱ्यांचा पाया जेमतेम तीन फूट, मातीत बसवलेला काळा दगड, आणि आमचं फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा पाया, सहा फूट खाली जाणार. म्हणजे नेहमीसारखं भिंतीला चिकटून खणलं असतं तर शेजारच्या काकांची भिंत सुटून आमच्या खड्ड्यात आली असती. असे प्रकार आपल्याकडं घडतात, आणि मग दोन घरांत तीन पिढ्यांचं बोलणं बंद होतं. तिनं कॉलम दोन्ही बाजूनं अडीच फूट आत घेतले आणि वर बीम भिंतीपर्यंत पुढं काढले, कँटिलिव्हर म्हणतात तसे. खड्डेसुद्धा एका दमात नाही, एक खणायचा, भरायचा, मग एक सोडून पुढचा. जेसीबी बोळात येतच नव्हता, आणि आला असता तरी त्याच्या हादऱ्यानं शेजारची जुनी भिंत टिकली नसती.

अडचणीच्या जागेत काय काय नडतं ते चित्रात दिसत नाही. सळी १२ मीटरची येते, ती आमच्या बोळाच्या कोपऱ्यावर वळत नाही, म्हणून रस्त्यावरच कापायची, मग जोड कुठं येणार ते आधीच ड्रॉइंगमध्ये. तयार काँक्रीटची गाडी पोचत नाही, छोट्या मिक्सरवर माल, त्यामुळं स्लॅब दोन दिवसांत, आणि मधला जोड कुठं थांबवायचा तेही आधीच. विटा, वाळू, सगळं हातगाड्यावरनं. काम लांबलं आणि मजुरी वाढली, खोटं कशाला सांगू.

आता घर कसं आहे ते सांगतो. खाली खोली नाहीच. दुचाक्या, धुणं, आईचा तुळशीकट्टा, एवढंच. पुढच्या आणि मागच्या बाजूला भरीव भिंत नाही, सिमेंटच्या जाळ्या आहेत, कारण पाणी अडवायला गेलं की भिंत जाते. मीटरभर पाणी साठलं तर भिंतीच्या तळाशी चौरस मीटरला १००० किलोचा दाब येतो, चार इंची वीट तिथं काय टिकणार. आत-बाहेर पाणी सारखं असलं की दाब कटतो. म्हणून येऊ दे आणि जाऊ दे. खाली शहाबादी, साधा सिमेंट प्लास्टर, पीओपी नाही, लाकूड नाही, म्हणजे पाणी ओसरायला लागलं की चिखल ओला असतानाच खराट्यानं त्याच पाण्याबरोबर ढकलायचा, वाळला की मग फावडं लागतं. ड्रेनेजच्या चेंबरला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, जेणेकरून संडासातनं उलटं येणार नाही. लाईटचा मीटर त्या खिळ्याच्या उंचीच्या वर, खालचं सर्किट वेगळं.

जमिनीतल्या टाकीबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. ५००० लिटरची रिकामी टाकी पुराच्या पाण्यात बुडाली की पाणी तिला पाच टनांनी वर ढकलतं, जागा सोडून ती उखडून वर येऊ शकते. पूर यायच्या आधी टाकी भरून ठेवायची. आम्ही तर टाकी जमिनीत घेतलीच नाही.

जिन्यावरनं घरात बरेच दिवस वाद झाला, मीच आडून बसलो होतो. नऊ फूट वर राहायचं म्हणजे आईच्या गुडघ्यांचं काय? शेवटी पायरी सहा इंचाची, अशा अठरा, मध्ये दोन टप्पे आणि प्रत्येक टप्प्यावर बसायला दगडी कट्टा. शिवाय चार बाय चारची जागा लिफ्टसाठी सोडलीय, आज तिथं आईची लोणच्याची बरणी आणि सायकल आहे. दुसऱ्या कट्ट्यावर आई रोज बसते, तिथनं बोळ दिसतो, जाणारा येणारा दोन शब्द बोलतो.

आणि मधोमध चौक. आठ बाय नऊचा, वरनं उघडा. ६० फूट खोल घरात उजेड फक्त पुढनं आणि मागनं येणार, मधलं तीस फूट अंधारच, त्याला दुसरा उपाय नाही. आमच्या आजोबांच्या वाड्यात चौक होता तो शोभेला नव्हता हे मला तेव्हा कळलं. आमच्या आर्किटेक्टनं सांगितलं की जपानात ओसाकाला तादाओ आंदो म्हणून आर्किटेक्टनं १९७६ ला असंच चाळीसारख्या घरांच्या रांगेत अडकलेलं चिंचोळं घर बांधलं, त्याचे तीन भाग केले आणि मधला भाग सरळ आकाशाला उघडा ठेवला, एका खोलीतनं दुसरीकडं जायला पावसात छत्री घ्यावी लागते. आम्हाला तेवढं परवडणारं नव्हतं, आमचा पाऊस वेगळा आणि आई म्हातारी, म्हणून चौकाच्या एका कडेनं पत्र्याखालनं जायची वाट ठेवली. पण उजेड बघा तुम्ही येऊन. दुपारी बारा वाजता स्वयंपाकघरात लाईट लावावा लागत नाही.

लोक विचारतात फी किती गेली. गेली. पण त्या पहिल्या प्लॅनमध्ये जी पार्किंग होती, जी काच होती, तिचा खर्च वाचला, आणि शेजारच्या काकांची भिंत उभी आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. आमची जागा निळ्या रेषेच्या बाहेर आणि लाल रेषेच्या आत आहे, परवानगी रीतसर काढली. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतल्या. निळ्या रेषेच्या आत नवीन घर बांधूच नये, कितीही हुशार डिझाईन असलं तरी. तिथं घर खांबांवर उचललं तरी ते नदीच्या वाटेतच उभं राहतं. आणि ज्यांनी नाल्याकाठी मुरमाचा भराव टाकून जोतं सहा फूट उचललंय त्यांनी स्वतःचं पाणी शेजाऱ्याच्या दारात ढकललंय. आमच्याच मागच्या अंगाला असा भराव पडला आणि जे पाणी आधी परड्यातनं जायचं ते २०२१ ला आमच्या न्हाणीच्या भिंतीवर आदळलं. तक्रार केली, काही झालं नाही.

पन्हाळ्याचं पण तेच. गडावर वस्ती आहे, २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशांत पन्हाळ्याला जागतिक वारसा मिळाला, सगळ्यांना आनंद झाला. पण खाली उतारावर जेसीबी लावून डोंगर कापून सपाट करायचा आणि त्यावर कोल्हापुरातलाच प्लॅन ठेवायचा हे थांबलं पाहिजे. दरडीखाली गेलेलं २०१४ चं माळीण आणि २०२३ चं इर्शाळवाडी आपण बघितलंय. उतारावर घर पायऱ्यापायऱ्यांनी उतरवता येतं, पाण्याला मोकळी वाट ठेवून.

माझी महापालिकेला मागणी छोटी आहे. प्रत्येक बोळात एका विजेच्या खांबावर २०१९ आणि २०२१ ची पाण्याची पातळी रंगवा, आणि शेजारी लिहा की बंधाऱ्यावर किती फूट झालं की इथं पाणी येतं. आमच्यात म्हाताऱ्या माणसांना हा आकडा पाठ आहे, आमच्या बोळात ४६ ला गटरातनं सुरू होतं, पण नवीन घर बांधणाऱ्याला आणि भाड्यानं येणाऱ्याला कोण सांगणार? परवानगीच्या अर्जाबरोबर त्या खुणेपासनं मोजलेली जोत्याची उंची आणि शेजाऱ्याच्या पायाचा खड्डा खणल्याचा फोटो मागा. ह्याला फार पैसे लागत नाहीत. आणि तुम्ही पेपरात पावसाळ्यात रोज बंधाऱ्याची पातळी छापता त्याच्या खाली पेठांची नावं घालून हे आकडे छापले तर फार उपयोग होईल.

२०२४ च्या जुलैत नदीनं परत धोका पातळी ओलांडली. गटरातनं घोट्याएवढं पाणी आमच्या तळात आलं, दोन दिवस राहिलं, गेलं. संडासातनं काही आलं नाही. आईनं वरच्या कट्ट्यावर बसून सगळं बघितलं आणि पाणी गेल्यावर मला तो जुन्या चौकटीतला खिळा मागितला, तो आम्ही पाडताना जपून ठेवला होता. आता तो जिन्याच्या पहिल्या कॉलममध्ये, त्याच उंचीला परत मारलाय, खाली तेलरंगानं २०१९ लिहिलंय. पेठेत कुणी घर काढणार असेल आणि लेव्हल घ्यायची असेल तर पाईप घेऊन खुशाल या, दार उघडंच असतं.

आपला नम्र,
एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर