पाच एकरांची अट

महोदय,

डॉ. मनमोहन सिंग २६ डिसेंबर २०२४ ला गेले. पारावर फोटो ठेवून भाषणं झाली. कर्जमाफीचं नाव सगळ्यांनी घेतलं, पाच एकरांच्या अटीचं कोणीच काढलं नाही. २००८ च्या त्या योजनेत पाच एकरांवरच्यांना उरलेली बाकी भरली तरच सूट होती. आमचं वावर सात एकर, सारं कोरडवाहू, पऱ्हाटी अन् तूर. बाकी भरायला बाबांनी ऐन पेरणीच्या तोंडावर बैलजोडी विकली. धुऱ्यापलीकडचं पाच एकर ओलित मात्र पुरतं माफ! डॉ. सिंग माणूस सज्जन, वादच नाही. २००६ मध्ये स्वतः विदर्भात आले, सहा जिल्ह्यांना ३,७५० कोटींचं पॅकेज दिलं. पुढच्या माफीत तरी ओलित-कोरडवाहू वेगळं मोजा.

– एक कापूस उत्पादक, जि. यवतमाळ