रविवारी जुने लॅपटॉप घेऊन या

सप्रेम नमस्कार. विंडोज 10 चा नियमित आधार (मायक्रोसॉफ्टची सुरक्षा-अपडेट्स) 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, एवढ्यावरून धडधाकट लॅपटॉप भंगारात टाकू नका. येत्या रविवारी सकाळी 10 वाजता फोंड्यातल्या आपल्या वाचनालयात त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) विनामूल्य घालून देऊ. मात्र फोटो, कागदपत्रं आधी पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. डिस्क पूर्ण पुसली जाते. चार्जर विसरू नका.

चतुर्थीची जुनी निमंत्रणं लिबरऑफिसमध्ये (वर्डसारख्या मोफत ऑफिस-प्रणालीत) उघडली तर नुसती चिन्हंच दिसली, कारण फॉन्ट जुना, युनिकोड नसलेला. सगळं नव्यानं टंकावं लागलं. यापुढे मजकूर युनिकोडमध्येच (सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षर-संकेतांत) द्यावा, ही कळकळीची विनंती.

लिबरऑफिस 2010 पासून देणग्यांवर आणि स्वयंसेवकांच्या श्रमांवर उभं आहे. परवान्याचे वाचलेले पैसे तिकडे पाठवावेत, असं मला मनापासून वाटतं. रविवारी ठरवू.

– सचिव