जपानमधल्या सायतामातल्या काकूंना, त्या नाचासाठी

काकू, तुमचं नाव इथे लिहीत नाही, पण तुम्ही वाचलंत तर लगेच कळेल. परवा लेकीनं मोबाईलवर ‘कोईसुरू फॉर्च्यून कुकी’ हे जपानी गाणं लावलं आणि मला एकदम रडूच आलं, म्हटलं आता लिहायलाच हवं.

2013 ची ती शरद ऋतूतली शाळेची जत्रा. ‘एकेबी 48’ या जपानी मुलींच्या गायक-गटाचं हे गाणं 21 ऑगस्टला आलेलं आणि पहिल्याच आठवड्यात सीडी 13 लाखांच्या वर गेल्या. तसा त्या आकड्याचा मला फारसा भरवसा नाही, कारण सीडीसोबत त्या मुलींशी हात मिळवायचं तिकीट मिळायचं आणि त्यासाठी एकेक जण ढिगानं सीडी घ्यायचा. पण कानागावा या जपानी प्रांताच्या सरकारी ऑफिसातले लोक, अगदी गव्हर्नरसुद्धा, त्यावर नाचले, ते काही तिकिटासाठी नव्हतं ना! सत्तरच्या दशकातल्या डिस्कोचा तो ठेका, मागे व्हायोलिनं आणि पितळी वाद्यं, आणि पापाया सुझुकींनी बसवलेला नाच इतका सोपा की आजीबाईंनाही जमावा. शिंतारो इतोंची चाल, आकिमोतोंचे शब्द. गाण्यात आहे ती आपण दिसायला साध्या, आवडणारा मुलगा आपल्याकडे बघणार नाही असं वाटणारी मुलगी आणि तरी कुठेतरी आशा धरून बसलेली. मला तेव्हा जपानीतलं निम्मंही कळत नव्हतं तरी हे कळलं, कारण त्या गावात मीही अशीच होते.

पालकांचा नाच ठरला तेव्हा बाकीच्या बायकांनी मला सरळ सांगितलं की तुम्ही फोटो काढा, तुम्हाला स्टेप्स समजायच्या नाहीत. हसत हसत बोलल्या, पण ते मला अजून बोचतं. वर्षभर एकत्र मुलं शाळेत सोडतो, एकीलाही वाटलं नाही की हिला एकदा विचारून बघू.

तुम्ही पार्किंगमध्ये बोलावलंत. समोर उभं राहून शिकवायला लागलात, तर माझा डावा-उजवा सारखा उलटा होत होता, मी घामाघूम. मग तुम्ही काही न बोलता वळलात, माझ्याकडे पाठ केलीत आणि रोज तसंच शिकवलंत. एकदाही वळून बघितलं नाहीत, म्हणून मला चुकायची लाज वाटली नाही. ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, वळतात तसे हात फिरवायचे म्हणालात आणि मला आईचं लाडू वळणं आठवलं, तिथून हात सुटले ते सुटलेच.

जत्रेत तुमची जागा कडेला ठरली होती, तरी तुम्ही माझ्या पुढे येऊन उभ्या राहिलात. कुणी काही म्हणालं असेल तर मला कळलं नाही, माझं सगळं लक्ष तुमच्या हातांकडे होतं.

पुढे इंडोनेशियात, थायलंडमध्ये त्यांच्या त्यांच्या भाषेत हे गाणं गाजलं, थायलंडमध्ये तर वेड लागल्यासारखं. मला त्याचं नवल वाटलं नाही. भाषा न येणाऱ्या माणसालाही आत घेणारा नाच आहे तो, पण आधी तुमच्यासारखं कुणीतरी बाजूला सरकून जागा करून द्यावं लागतं. अशी माणसं सगळीकडे असतात, आवाज करत नाहीत एवढंच.

काकू, खरंच मनापासून आभार. तेव्हा सात वर्षांच्या लेकीनं माझ्या मागे उभं राहून काढलेला प्रॅक्टिसचा व्हिडिओ अजून जपलाय. त्यात माझे चुकणारे हात आहेत आणि तुमची फक्त पाठ दिसते.