युद्ध आपल्याही घरात येऊन गेलंय

माननीय संपादक, सप्रेम नमस्कार.

मुलाकडे इंग्लंडला गेले होते तेव्हा तिथल्या एका लहानशा गावात दुसऱ्या महायुद्धाचा काळ जिवंत करणारा एक दिवस करतात तो बघायला मिळाला. मैदानात लुटुपुटीची लढाई झाली, जुन्या जीप, धूर, धडाडधूम, पोरं एकदम खूश. पण टाळ्या पडल्यावर मेलेले शिपाई उठून कपडे झटकायला लागले ते मला काही बघवेना, मी तिथून निघाले.

मग ज्या टेबलापाशी गेले तिथे तासभर उभी होते. डोक्याला रुमाल बांधलेल्या एका बाईंनी एका माणसाचं आठवड्याचं रेशन मांडलं होतं. लोणी दोन औंस, म्हणजे साठ ग्रॅमसुद्धा नाही, तेवढीच चहापत्ती, थोडी साखर, आणि अंडं एक. अख्ख्या आठवड्याला एक! नातीने विचारलं मग केक कसा करायचे, तर त्यांनी अंड्याच्या पावडरीचा डबा काढून दाखवला. हे रेशनिंग जानेवारी १९४० ला सुरू झालं ते १९५४ ला संपलं, म्हणजे युद्ध थांबून नऊ वर्षं झाली तरी चालूच होतं.

तिथेच मला माझी आजी आठवली. ती गिरगावात चाळीत राहायची, खिडक्यांना काळा कागद लावायचे म्हणून सांगायची, आणि १४ एप्रिल १९४४ ला गोदीत फोर्ट स्टिकिन बोटीचा स्फोट झाला तेव्हा मांडणीवरची भांडी कशी खाली आली तेही. मुंबईत रेशन आलं ते १९४३ मध्ये, याच युद्धात. रेशनकार्ड आपल्या घराघरात आहे पण ते कुठून आलं हे आपण मुलांना कधी सांगतच नाही.

आणि सैनिक? त्या मैदानावर एकही हिंदी शिपाई नव्हता, मला खटकलं. २५ लाखांच्या आसपास माणसं होती हो आपली! माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत एकटे मशीनगनवर धावून गेले, सोबतचे सगळे पडले होते, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदुकीच्या दस्त्याने लढले आणि तिथेच गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तिकडे मोंतोने गावात त्यांचं स्मारक आहे, माणगावात पुतळा आहे. पण तिकडच्यांना काय बोलायचं, आपल्या किती शाळा तो पुतळा दाखवायला मुलांना नेतात?

मला वाटतं आपल्याकडेही असा एक दिवस व्हायला हवा. बंदुका, धूर काही नको, एक टेबल पुरे. जुनं रेशनकार्ड, आघाडीवरून आलेलं पत्र, आजोबांचं पदक, आणि त्याबद्दल बोलणारं घरातलं कोणीतरी म्हातारं माणूस. या वस्तू अजून ट्रंकेत आहेत, पण घर रिकामं करताना ट्रंक सरळ भंगारात जाते. आमची तशीच गेली, त्यात आजीची कार्डं होती, मला अजून वाईट वाटतं.

म्हणून विनंती अशी की आपल्या पेपरात आठवड्याला थोडी जागा द्या, वाचकांनी अशा एकेका वस्तूचा फोटो आणि चार ओळी पाठवाव्यात. माझ्याकडे आजीचा पितळी कंदील तेवढा उरलाय, पहिला फोटो त्याचा पाठवते.

आपली एक वाचक