बाई, खुर्ची काढू नका

आदरणीय बाई,

शिरसाष्टांग नमस्कार.

वाढलेलं वजन उतरवायला तुम्ही मला शिकवलंत, म्हणून गेल्या महिन्यात फोनवर मी आभार मानायला लागले, तर तुम्ही मधेच तोडलंत. म्हणालात, "मला काय सांगतीस, तिकडं ऱ्हाणाऱ्या बाकीच्या पोरींना सांग की." म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. आपल्या खानापूर, बेळगाव, निपाणीकडच्या कितीतरी मुली आज माझ्यासारख्याच आखातात नर्सिंग करतायत, मुलगे साइटवर आहेत. त्यांच्यापैकी निम्म्यांचे फोटो बघितले तरी मला माझाच 2022 सालचा चेहरा दिसतो.

त्या वर्षी 31 ऑगस्टला गणेश चतुर्थी होती. मी आदल्या दिवशी मस्कतहून गोव्याला उतरले आणि चोर्ला घाट, कणकुंबी, जांबोटी करत भर पावसात घरी पोचले. आरतीला जमलेल्या प्रत्येक बाईनं माझ्याकडे बघून एकच म्हटलं, "बाहेरचं पाणी मानवलं गं तुला!" कुणी म्हणालं, "तब्येत छान सुधारलीया." प्रेमानंच म्हणत होत्या सगळ्या. पण लेकीनं मागून मिठी मारली तेव्हा तिचे हात पुढे एकमेकांना पोचत नव्हते, हे माझं मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी खजूर घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही सोप्यात खाली बसून गवारी मोडत होता. दारात उभ्या उभ्या माझी नजर आधी खुर्ची शोधायला लागली. तुम्ही ते बघितलंत. काही बोलला नाहीत, उठून आतून खुर्ची काढून दिलीत. चहा झाला, घरच्यांची विचारपूस झाली. मग परडी बाजूला सारून म्हणालात, "आता खाली बस बघू. मांडी घाल." मी बसले. "आता हात न टेकता ऊठ."

मला उठता आलं नाही, बाई. एका कुशीला कलले, गुडघा टेकला, भिंतीला हात लावला, तेव्हा कुठे उभी राहिले. मग तुम्ही पदर खोचलात, मांडी घालून बसलात आणि एका दमात सरळ उभ्या राहिलात. वय तुमचं तेव्हा सहासष्ट, माझं अडतीस. तुमच्या हाताखाली शाळेच्या कबड्डी संघात मी डाव्या कोपऱ्याला उभी राहायची. चढाई करणारीचा घोटा एकदा हातात आला की मी सोडत नसे, तिनं मला मध्यरेषेपर्यंत फरफटत नेलं तरी. ते आठवून माझे डोळे भरून आले.

तुम्ही वजन विचारलं नाहीत. पुढची सगळी वाट तिथूनच फुटली, असं मला वाटतं. तुम्ही विचारलंत, "तुझा तिथला दिवस कसा जातो? उठल्यापासून सांग."

आठ वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. पगार किती, सुट्टी कधी, घर कधी बांधणार, हे विचारणारे खूप. तुम्ही तासभर ऐकून घेतलंत. सकाळी सात ते संध्याकाळी सात ड्युटी, महिन्यातले काही दिवस तीच रात्रपाळी. वॉर्डात दर दोन तासांनी कुणीतरी कडक चहा आणायचं. तिकडचा चहा डब्यातल्या घट्ट दुधाचा, वर दोन चमचे साखर. असे चार-पाच कप, म्हणजे आठ-दहा चमचे साखर नुसत्या चहातून. पहाटे तीनला झोप अनावर झाली की बिस्किटांचा पुडा. आणि मग ती सांगायला जड जाणारी गोष्ट. तिकडे साडेसात वाजले की इकडे नऊ. लेक झोपायच्या आधी व्हिडिओ कॉल करायची, दिवसभराचं सांगायची, सासूबाई तिला थोपटायच्या, आणि फोन बंद व्हायचा. खोलीत एकदम शांत व्हायचं. मग मी केळ्याच्या वेफर्सचा पुडा घेऊन खाटेवर बसायची आणि तो संपेपर्यंत उठायची नाही. भूक नसायची. ती खोली तेवढी भरून निघायची.

तुम्ही त्यावर उपदेश केला नाहीत. म्हणालात, "कॉल झाला की खोलीत थांबू नको. चप्पल घाल आणि खाली उतर. कुठं जायाचं नंतर ठरव."

बाकीचं सगळं मला माहीत होतं हो. रोज पेशंटना सांगते की मी. आपल्या भारतीय अंगाला बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, 23 च्या पुढे गेला की जपायला हवं, 25 च्या पुढे तो लठ्ठपणाच. बाईच्या कमरेचा घेर 80 सेंटिमीटरच्या आत हवा. माझा 98 होता. उंची 155 सेंटिमीटर, वजन 79 किलो, म्हणजे बीएमआय जवळजवळ 33. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी 6.3 आली होती, आणि 6.5 ला मधुमेह म्हणतात. हे आकडे मी दुसऱ्यांच्या कागदावर लाल पेनानं गोल करायची. स्वतःचा रिपोर्ट मात्र कपाटात साडीखाली ठेवला होता.

आधी प्रयत्न केले नव्हते असंही नाही. तिकडच्या एका जिममध्ये तीन महिन्यांचे पैसे भरले. त्यांनी जेवणाऐवजी पिण्याची पावडर गळ्यात मारली, सहा आठवड्यांत चार किलो उतरले आणि पुढच्या चार महिन्यांत सहा चढले. एकदम कमी खाल्लं की चरबीबरोबर स्नायूही झडतात, आणि वजन परत येतं तेव्हा चरबी आधी येते. हे मी शिकलेय, परीक्षेत लिहिलंय. पण मन हरलेलं असलं की शिकलेलं उपयोगी पडत नाही.

निघताना मी म्हटलं, आता सासूबाईंनी जोंधळ्याचं पीठ बांधून दिलंय, भात सोडून भाकरीवर राहते. तुम्ही म्हणालात, "भाकरी खाल्ली म्हणून कोण बारीक होत नाही. किती खाल्लीस ते सांग. आणि आमटीत तेल किती ओतलंस तेबी सांग." हे वाक्य मी मस्कतला येऊन माझ्या दोन्ही मल्याळी मैत्रिणींना भाषांतर करून सांगितलं. खरंच आहे ते. जोंधळ्यात तांदळापेक्षा तंतू जास्त, पोट लवकर भरतं, हा त्याचा गुण. पण किलोभर ज्वारी आणि किलोभर तांदूळ यांच्या कॅलरीत फारसा फरक नाही. खरी गोम तेलात होती. एका मोठ्या चमचाभर तेलात 120 कॅलरी, आणि आम्ही तिघी फोडणीला बाटली वाकडी करायचो, चमचा कुणी वापरायचंच नाही. तुम्ही सांगितल्याप्रमाणे अर्ध्या लिटरची एक बाटली फक्त माझी म्हणून वेगळी ठेवली, महिनाभर तीच पुरवायची. पहिल्या महिन्यात अठराव्या दिवशी संपली. आता थोडं उरतं.

भात सोडला नाही. खानापूरच्या माणसानं भात सोडून कसं चालेल! एक वाटी मोजून घेते. त्याच्याआधी ताटात उसळ नाहीतर मासे येतात, मग भात. सकाळी दोन उकडलेली अंडी. मस्कतमधल्या मत्रह भागातल्या मासळी बाजारात तारली आणि बांगडे ताजे मिळतात. आठवड्यातून दोनदा तिरफळं घालून आईसारखी आमटी करते, तळण बंद. चहा दोनच कप, साध्या दुधाचा, बिनसाखरेचा. पहिले पंधरा दिवस डोकं दुखलं, नंतर जीभ वळली.

आणि व्यायाम. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, ड्युटीवर माझं चालणं भरपूर होतं. तुम्ही विचारलंत, "चालणं झालं, जोर कुठाय?" दर आठवड्याला निदान 150 मिनिटं भरभर चालणं आणि त्याशिवाय किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आम्ही पेशंटना पहिलं सांगतो आणि दुसरं गाळतो. तुम्ही दुसऱ्यापासून सुरुवात करायला लावलीत. खाटेच्या काठावर बसायचं, उठायचं. दहा वेळा. भिंतीला हात लावून जोर, दहा. पाच किलोची तांदळाची पिशवी उराशी धरून जिन्यातले दोन मजले. आठवड्यातून तीन दिवस, वीस मिनिटं. दर रविवारी एक आकडा वाढवायचा, जास्त नाही.

मी ऐकलं नाही आणि दुसऱ्याच महिन्यात पहाटे कॉर्निशवर, म्हणजे तिथल्या समुद्रकाठच्या रस्त्यावर, पळायला लागले. समुद्र, गार वारा, वाटलं आता थांबायचं नाही. नवव्या दिवशी उजवा गुडघा सुजला. तुम्ही रागावला नाहीत. "उन्हाळी नांगरट केल्याबिगर कोण पेरतंय काय?" एवढंच म्हणालात, आणि तीन आठवडे फक्त बसून पाय सरळ करायचा व्यायाम दिलात.

दर रविवारी संध्याकाळी तुमचा फोन. किती दिवस व्यायाम झाला, किती तास झोपलीस, आणि तिसरा प्रश्न ठरलेला, "या आठवड्यात रडलीस काय?" मी खरं सांगायची. व्यायाम चुकला त्या आठवड्यात बहुतेक वेळा या तिसऱ्याचं उत्तर हो असायचं. मग तुम्ही वजनाचा विषयच काढायचा नाहीत. झोपेचं विचारायचा. झोप तुटली की भूक वाढवणारं संप्रेरक वाढतं आणि पोट भरल्याची जाणीव देणारं कमी होतं. तुम्ही हे कुठल्या पुस्तकातून सांगत नव्हता. "झोप नसली की पोरी चढाईत हावऱ्या होतात" हे तुमचं मैदानावरचं निरीक्षण. रात्रपाळीनंतर खिडकीला काळा कपडा लावून झोपायला तुम्हीच शिकवलंत.

मार्च 2023 मध्ये रमजान आला. वॉर्डात संध्याकाळी रोजा सोडताना ओमानी सिस्टर आम्हालाही हाताला धरून बसवतात. इतक्या मायेनं वाढलेलं ताट नाकारायचं कसं? मी नाकारलं नाही, आणि व्यायामही सुटला. ईदेपर्यंत तीन किलो परत आले. मी तुमचे दोन फोन उचलले नाहीत. तिसऱ्या रविवारी उचलला आणि म्हटलं, बाई, मी बाद झाले. तुम्ही म्हणालात, "मग? कबड्डीत बाद झालेला गडी घरला जातोय काय? रेषेबाहेर बसतोय. आपल्या संघानं समोरचा एक मारला की परत आत येतोय. जा, एक मार."

त्या रात्री मी दहा बैठका मारल्या. नुसत्या दहा. आणि आत आले.

आत्ता, जून 2024 मध्ये, वजन 64 आहे. कमरेचा घेर 84. एचबीएवनसी 5.6. बीएमआयच्या कोष्टकात मी अजून पलीकडेच आहे, तुम्हाला खोटं सांगणार नाही. पण जमिनीवर पूर्ण जोर बारा निघतात, तांदळाची पिशवी पाचाची दहाची झाली, आणि उन्हाळ्यात बाहेर पाय ठेवता येत नाही तेव्हा इमारतीचे सहा मजले मी न थांबता दोनदा चढते. गेल्या महिन्यात रात्रपाळीला एक जड आजोबा खाटेवरून घसरत होते. मांड्या वाकवून, पाठ सरळ ठेवून त्यांना सावरलं. मदतीला दुसरी येईपर्यंत धरून ठेवता आलं. घोटा धरला होता तसंच.

तुम्ही आमच्यासाठी केलेलं हे पहिलंच नव्हे. आम्हा मुलींना ट्रॅकपँट घालून खेळू द्यावं म्हणून तुम्ही घरोघरी फिरला होता. माझे वडील तयार नव्हते, तर आमच्या अंगणात दोन तास बसून राहिलात. तालुक्याच्या सामन्यांना जाताना लाल बसमध्ये रुमालात बांधलेले गूळ-शेंगदाणे वाटायचा. मैदानात पुकारा कानडीत व्हायचा, आम्हाला आमच्या शाळेचं नाव तेवढं कळायचं, आणि तुम्ही मागून म्हणायचा, "भिऊ नका, दम धरा." परदेशात पहिल्या वर्षी मला तेच शब्द हवे होते. ते मागायला मी सहा-सात वर्षं उशीर केला, एवढीच खंत आहे.

गेल्या वर्षी मे महिन्यात आले तेव्हा तुम्ही पुण्याला लेकाकडे होता, भेट चुकली. यंदा चतुर्थीची रजा मंजूर झालीय. लेक आता दहा वर्षांची आहे, तिलाही घेऊन येईन. तिला दम धरायचा कसा ते तुमच्याकडूनच शिकायचंय.

आम्ही आलो की खुर्ची काढू नका, बाई. मी खाली बसेन, तुमच्याबरोबर गवारी मोडेन, आणि जाताना हात न टेकता उठेन.

तुमचीच,
डाव्या कोपऱ्याची