तक्रार: तुमचा गॅस डिटेक्टर आणि आमची ‘जास्तच शुद्ध’ हवा

प्रति,
सर्व्हिस विभाग प्रमुख

विषय: चार वायू मोजणारे दोन डिटेक्टर (मीटर), न केलेलं कॅलिब्रेशन (आकडा बरोबर येतो का याची तपासणी) आणि नाकारलेली वॉरंटी. तक्रार क्रमांक तीन आहेत. तिन्ही तुमच्याकडे ‘निराकरण झाले’ म्हणून बंद आहेत.

महोदय,

तुमच्या हेल्पलाइनवरचा 34 मिनिटांचा फोन आत्ताच ठेवला. डोकं शांत झाल्यावर लिहावं असं मनात होतं, पण सोलापुरात मे महिन्यात ते शांत व्हायचं म्हणजे मृग उजाडेल. म्हणून लगेच लिहितोय.

डिटेक्टर कसा चालतो हे तुम्हाला मी सांगायला नको, बनवता तुम्हीच. तुमचा टेक्निशियन 6 मे रोजी वार्षिक कॅलिब्रेशनला आला. दुपारचे दोन, बाहेर फुफाटा. त्याने ईटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरणाच्या) शेडमध्ये, गाळाच्या टाकीच्या काठावर उभं राहून दोन्ही मीटरना झिरो मारला. म्हणजे तिथली हवाच मीटरने शून्य धरली. स्वच्छ हवेत मारायचा झिरो, टाकीच्या काठावर! आमच्या ऑपरेटरने विचारलं, “साहेब, बाहेर जाऊन करायचं नसतं का ओ?” उत्तर मिळालं, “सावलीत केलं तरी चालतं.” टेस्ट गॅसचा सिलिंडर गाडीतून खाली उतरलाच नाही. चहा घेतला, सही घेतली, गेला.

दुसऱ्या दिवशी मेलवर सर्टिफिकेट हजर. चारही चॅनेल ‘उत्तम’, एच टू एसचा (सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी हायड्रोजन सल्फाइड) चॅनेल 25 पीपीएमवर (दहा लाख भागांत 25) तपासलेला, चाचणीच्या वेळचं तापमान 25 अंश. अहो, मे महिन्यात दुपारी दोनला 25 अंश असलेली सोलापुरातली जागा दाखवा, आम्ही अख्खा कारखाना तिथे हलवतो.

12 मे रोजी त्याच टाकीचा गाळ काढायचा होता. कापड रंगवण्याचं (रिऍक्टिव्ह डाईंगचं) पाणी, त्यात ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट), तळाला हवा नाही. तिथे एच टू एस तयार होतो, ते तुमच्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर छापलंय. ऑपरेटर मीटर लावून काठाशी गेला. आकडा 7. अलार्म 10 ला लावलेला, म्हणजे मीटर गप्प. दोन मिनिटांत तो मागे सरकला. “अण्णा, डोळे झोंबायलेत ओ. डबा काय बोलेना.” मी काम थांबवलं आणि शेजारच्या युनिटमधून त्यांचा मीटर मागवला. त्याच जागी त्याने 13 दाखवले आणि बोंबलायला लागला. मग तुमचे दोन्ही मीटर गेटबाहेर कडुलिंबाखाली नेले. दोन्ही उणे 6. म्हणजे झिरो मारताना टाकीवर जे सहा होते, तेच शून्य धरले गेले. तेरातून सहा गेले की सात. एवढी वजाबाकी आमच्या वॉचमनच्या नातवालाही येते.

13 ने माणूस मरत नाही, मान्य. पण त्यानंतर दोघं खाली उतरून तोच गाळ ढवळणार होते. ढवळल्यावर किती सुटला असता ते मला विचारू नका, तुमच्या इंजिनिअरला विचारा.

आता आजचा फोन. अकरा वीसला लावला. सतरा मिनिटं सनईसारखं काहीतरी ऐकलं. मग एक तरुण प्रतिनिधी आले. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, “सर, बंद करून चालू करा.” केलं. उणे 6. “सर, बॅटरी फुल चार्ज आहे का?” आहे. उणे 6. “सर, उणे आकडा म्हणजे चांगलंच आहे ना? तुमच्याकडची हवा जास्तच शुद्ध असणार.”

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. परत विचारलं. परत तेच. मी म्हटलं, साहेब, हवेत शून्यापेक्षा कमी विषारी वायू कसा असतो? त्यांनी मला होल्डवर ठेवलं, कुणालातरी विचारलं आणि परत येऊन म्हणाले, “सीनियर म्हणतात, रीडिंग स्टेबल आहे ना, मग प्रॉब्लेम नाही.” मी म्हटलं, टाकीवर आम्हाला सडक्या अंड्याचा वास येत होता आणि तुमचा अलार्म वाजला नाही. त्यावर जे उत्तर आलं ते जसंच्या तसं लिहितो, कॉल रेकॉर्ड होतो म्हणता तर ऐकून खात्री करा: “सर, वास येतोय म्हणजे गॅस कमीच आहे. जास्त झाला की वास येत नाही. वास यायचा बंद झाला तर आम्हाला लगेच कळवा.”

वास यायचा बंद झाल्यावर कळवायचं! कोणी? 100 पीपीएमच्या आसपास नाक मरतं, हे मीच गेली दोन वर्षं माझ्या माणसांना घसा फोडून सांगतोय. नाकावर जाऊ नका, डब्यावर जा, म्हणून. आणि डबेवाले मला सांगतायत, नाकावर जा.

दुसरं, एलईएल सेन्सर, म्हणजे ज्वलनशील वायू स्फोटाच्या किमान पातळीच्या किती टक्के आहे ते सांगणारा. शेजाऱ्यांच्याच सिलिंडरमधला 50 टक्के एलईएलचा मिथेन दिला, तर आकडा 4 वर अडकला. तुमचा मेल: सेन्सर सिलिकॉनने निकामी झालाय, ही ग्राहकाची चूक, वॉरंटी लागू नाही. म्हणजे 6 मे रोजी ‘उत्तम’ असलेला सेन्सर 12 मे रोजी मेला? की 6 मे रोजी कुणी बघितलाच नव्हता? शिवाय तुमचे सेल्सवाले विक्रीच्या वेळी आमच्या फिनिशिंगमध्ये अर्धा तास उभे होते. टॉवेल गालाला लावून म्हणाले, वा, काय मऊ आहे. तो सिलिकॉन सॉफ्टनरने मऊ होतो, हे तेव्हाच सांगितलं होतं. त्याच वेळी सिलिकॉन ज्याला बाधत नाही असा इन्फ्रारेड सेन्सरचा मीटर सुचवला असता तर आमच्या कामाला तोच पुरला असता. तुमच्या यादीत तो आहे, मी आता बघितला.

शेठ अर्ध्या किमतीतला मीटर घेणार होते. तुमचं नाव घेऊन त्यांना मीच पटवलं. 18 मे 2025 ला आमच्याच एमआयडीसीत टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ माणसं गेली. त्यानंतर इथे सुरक्षेच्या खर्चाला कोणी सहज नाही म्हणत नाही, आणि मी त्याचा फायदा घेऊन तुमचा माल गळ्यात मारला. आता शेठ काही बोलत नाहीत, टेबलावरच्या त्या डब्याकडे नुसते बघतात. ते जास्त लागतं. परवा ऑपरेटरने मीटर लावायला नकार दिला. “बोलत नाही तो डबा, कशाला वागवायचा ओ?” त्याला काय उत्तर द्यायचं, ते तुमच्या सीनियरना विचारून सांगा.

मला हवंय ते असं. ते सर्टिफिकेट लेखी रद्द करा. मुदतीतला सिलिंडर घेऊन दुसरा माणूस पाठवा. झिरो गेटबाहेर कडुलिंबाखाली मारायचा, मी स्वतः उभा राहीन, उन्हासाठी टोपी आमच्याकडून. एलईएल सेन्सर बिनखर्चात बदला, आणि तोवर दोन चालू मीटर वापरायला द्या. हे आठ दिवसांत झालं नाही तर सर्टिफिकेटची प्रत, दोन्ही मीटरचे फोटो आणि हे पत्र औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जाईल. एमआयडीसीतल्या डाईंगवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर त्याआधीच जाईल. तुमच्या एएमसीचा (वार्षिक देखभाल कराराचा) पुढचा हप्ता मी थांबवलाय. आणि परत सांगतो, झिरो टाकीच्या काठावर मारला होता.

ईटीपी व युटिलिटी सुपरवायझर,
टॉवेल-चादर डाईंग युनिट,
अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर

ता.क. तुमचे सेल्सवाले सॅम्पल म्हणून सहा नॅपकिन घेऊन गेले होते. ते परत नकोत. एक तेवढा वॉरंटीच्या फाइलला जोडा, सिलिकॉन त्यातच आहे.