केदारकंठा मुक्काम: रविवारच्या बैठकीला याच

मंडळी, नमस्कार.

उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराच्या ट्रेकला गुरुवार, ५ मार्चला नाशिकरोडहून निघतोय. गर्दीचा हंगाम ओसरलेला असेल, पण बर्फ भरपूर. तंबूतला मुक्काम जुडा का तालाब या तळ्याकाठी, सुमारे ९,१०० फुटांवर. आपलं कळसूबाई ५,४०० फूट, आणि सांकरी हे केदारकंठाच्या पायथ्याचं गावसुद्धा त्याहून उंच! सह्याद्रीतल्या अनुभवावर विसंबू नका.

रविवार, २२ फेब्रुवारीला सकाळी ६ वाजता पांडवलेणीच्या पायथ्याशी जमा. पाठीवर भरलेली सॅक हवीच. चढून आल्यावर प्रत्येकाचं सामान तपासू. न येणाऱ्यांना नेता येणार नाही.

सुती कपडे नकोत, जीन्स तर अजिबात नको. ओलं सुती कापड अंगातली ऊब ओढून घेतं. लोकरीच्या मोज्यांचे तीन जोड घ्या, त्यातला एक फक्त झोपताना घालायचा. मागच्या खेपेला एकाने ओले मोजे तंबूबाहेर वाळत टाकले, सकाळी ते पापडासारखे कडक झाले होते. पाण्याची बाटली आणि मोबाइल स्लीपिंग बॅगमध्येच ठेवा.

तंबूत स्टोव्ह किंवा शेकोटी पेटवायची नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच जीव जातो. यात कुणालाही सवलत नाही.

उंचीमुळे डोकं दुखलं, मळमळलं तर लगेच सांगा, लाजू नका. त्रास वाढला तर खाली उतरायचं, शिखर राहिलं तरी चालेल.

दमा, रक्तदाब असणाऱ्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी रविवारीच द्यावी.